सात देशांचा तक्ता

रूपाने विचारलं होतं दोनच देशांबद्दल, जर्मनी आणि जपान. मी तक्ता सात देशांचा केला. बत्तीस वर्षं आरोग्यसेवकाची नोकरी केलेल्या माणसाला दोन ओळींचा तक्ता बघवत नाही, हे एक कारण. दुसरं असं, की तक्ता जेवढा लांबेल तेवढा निर्णय लांबेल. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

रूपा माझी एकुलती एक मुलगी. धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, शिंदखेड्याहून रोज जाऊन-येऊन करायची. परदेशी पाठवणाऱ्या संस्थेने तिला निवडलं होतं आणि कुठल्या देशाची भाषा शिकणार ते महिनाअखेर कळवायचं होतं. "नाना, तुम्हीच सांगा," एवढं बोलून ती मोकळी झाली.

मग मी ओट्यावर मोबाइल आणि वही घेऊन बसलो. सरासरी आयुष्य, बालमृत्यू, लठ्ठपणा, एकटेपणा, अडीअडचणीला हाक मारायला कुणी आहे असं सांगणारे किती, सगळे रकाने आखले. प्रत्येक देशात काहीतरी खोट निघतच होती. एकीकडे माणसं फार जाड, दुसरीकडे सहा महिने ऊन नाही म्हणून मनाने खचलेली, तिसरीकडे सगळं उत्तम पण शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. रूपा चहा ठेवता ठेवता वही बघायची आणि हसायची.

"नाना, तुमना तक्तामा ते राहवाजोगं एकलं शिंदखेडंच उरनं."

एका रकान्याने मात्र मला खरोखर छळलं. 'माझी तब्येत चांगली आहे' असं म्हणणारे लोक किती, तो रकाना. जपानी माणूस जगतो सगळ्यांत जास्त, पण तब्येत चांगली म्हणणारे तिथे निम्मेही नाहीत. अमेरिकेत माणूस त्यामानाने लवकर जातो, आणि विचाराल तर बहुतेक जण ठणठणीत. असलं रजिस्टर माझ्या हाताखालच्या कुणी आणलं असतं तर मी ते त्याच्या अंगावर भिरकावलं असतं.

रूपा म्हणाली, जपानी माणसं स्वतःबद्दल चांगलं सांगायला लाजत असतील. ते मला लगेच पटलं, कारण आमच्याकडे बरोबर उलटं. तापाने अंग फणफणलेलं असलं तरी बाई दारात उभी राहून सांगणार, "बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं ठीक आहे. त्यामुळे घरभेटीत मी तब्येत कधी विचारायचोच नाही. "रातले काय खादं?" एवढंच विचारायचो. धडधाकट माणूस जेवणाबद्दल ऐसपैस कुरकुर करतो. आजारी माणूस दोन शब्दांत उरकतो आणि विषय बदलतो. माझी ही युक्ती तालुक्यातले नवे आरोग्यसेवक मुद्दाम येऊन शिकून जायचे.

घरात मात्र मी ती वापरली नाही. माझी बायको बेबाबाई चार महिने छातीवर हात ठेवून जिना चढत होती. मी संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचो, कसं शे? ती म्हणायची, बरं शे. मी ते खरं धरलं. ती जाऊन आता तिसरं वर्ष सरत आलं. रूपाने हे मला एकदाही ऐकवलेलं नाही, आणि त्याचंच जास्त लागतं.

महिना संपायला चार दिवस असताना ती दुपारीच घरी आली. मी ओट्यावर फिनलंडमध्ये दोष शोधत होतो. ती आत गेली आणि भाकरीचा डबा घेऊन बाहेर आली.

"नाना, दुपारले काय खादं?"

"खादं ना. भाकर, भाजी."

तिने डबा माझ्यापुढे उघडला. पहाटे केलेल्या दोन भाकरी तशाच होत्या, खाली कालच्या दोन. एरवी मी त्या शेजारच्या जरीनाच्या बकरीला घालतो. जरीना दोन दिवस बकरी घेऊन माहेरी गेलेली, आणि मी साफ विसरलो.

रूपा माझ्याजवळ पायरीवर बसली. "मी जात नही. कोठेच नही."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. महिनाभर हेच तर हवं होतं. पण एक पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ तो टिकला. ती पुढे म्हणाली, "तुम्ही फोनवर बरं शे सांगशात. मी तिकडे ते खरं धरसू." तिच्या आईचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

संध्याकाळी जरीना परतल्याचं कळलं तसा मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन मी विचारपूस केली, स्वतःचं सांगायला पहिल्यांदाच गेलो होतो. जीभ वळेना. शेवटी बोललो, "जरीना, मी दुपारी जेवत नाही. एकट्याला घास उतरत नाही."

तिने मशीन थांबवलीसुद्धा नाही. "मालूम शे, नाना. तुमनी भाकर खाईसन मनी बकरी जाडी व्हयी गयी." मग आतल्या खोलीकडे मान करून म्हणाली, "मना सासराबी एकलाच जेवस. उद्यापासून दोन्ही सोबत बसा." तिचे सासरे खाजाभाई आतून म्हणाले, "मिरची कमी खातो मी, सांगून ठेवतो."

घरी येऊन मी रूपाला सांगितलं, जपान. तिथली माणसं स्वतःची तब्येत नीट सांगत नाहीत. अशा माणसांना कसं विचारायचं ते तुला येतं.

"आणि तुम्ही?"

"मी खरं सांगसू."

तिचा विश्वास बसला नाही, ते मला दिसलं. तरी तिने भाषेच्या वर्गात नाव घातलं, परीक्षा दिली आणि वर्षभराने म्हाताऱ्या माणसांच्या एका दवाखान्यात रुजू झाली.

तिथून रोज फोन यायचा. पहिले दहा दिवस सांगण्यासारखं काही नव्हतंच. जेवण व्हायचं, खाजाभाईंशी मिरचीवरून वाद व्हायचा. अकराव्या संध्याकाळी तिने विचारलं, "नाना, कसं शे?" 'बरं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. इतक्या लांब असलेल्या पोरीला कशाला घोर, असंही वाटलं.

"बरं नही शे," मी म्हणालो. "सकाळपासून कणकण शे. अर्धीच भाकर खादी. आणि तुनी याद येस."

मला वाटलं, चुकलंच. मग ती म्हणाली, "थर्मामीटर लावा. फोन ठेवू नका."

मी थर्मामीटर काखेत धरला. खाजाभाई समोर घड्याळाकडे बघत बसले. तिचा श्वास मला फोनमध्ये ऐकू येत होता. मी आकडा वाचला, "एकशे एक."

गोळी कुठली, किती वाजता, उद्या डॉक्टरकडे कोण नेईल, सगळं तिने विचारून घेतलं. जरीना नेणार, हे खाजाभाईंकडूनही वदवून घेतलं. तिकडे बरीच रात्र झाली असेल.

"ठेवस, नाना," ती म्हणाली. "आते माले निवांत झोप येई."