दोरात गेलेला मंत्र

दिंद्रुडच्या रस्त्याला आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. तिथे मी कॉम्प्युटरवर बसायचे. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. आधी दिवसाला चार हजार लिटर दूध यायचं, ते त्या श्रावणात तीनशेवर आलं. सकाळचं दूध घेऊन झालं की दुपारी चारपर्यंत आम्हा चौघांना काही काम नसायचं. चौघं म्हणजे सचिव राधाकिशन आप्पा, टँकरचा ड्रायव्हर म्हाळू, दुधाची फॅट तपासणारा बंकट आणि मी.

पुण्याला हॉस्टेलवर असताना मी एक खेळ शिकले होते, तो त्यांना शिकवला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, समोर काय आहे ते मी सांगायचं, आपण काय करतो ते त्यांनी सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. लढाई आलेखाच्या कागदावर चालायची. एक चौकोन म्हणजे पाच फूट. गावात कुणीतरी उठवलं की केंद्रात फासे चालतात. तेव्हापासून येईल त्याच्या हातात आप्पा आमचा वीस बाजूंचा फासा ठेवायचे. "ह्याच्यावर जुगार कसा खेळतेत, तूच सांग बे."

आप्पांनी तिरंदाज घेतला. म्हाळूने तलवारवाला घेतला, त्याचं नावही म्हाळूच ठेवलं. बंकटने वैदू घेतला. बंकट म्हणजे चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. म्हाळू आणि तो पहिलीपासून एका वर्गातले.

वैदूकडे स्पर्शाचे मंत्र होते. एक जखम भरणारा, एक शत्रूला सुन्न करणारा.

"लांबून फेकता येत न्हाई का?" बंकटने विचारलं.

"नाही भाऊ. शेजारच्या चौकोनात जाऊन हातच लावायचा."

"दुश्मनाला बी?"

"त्याला पण. मात्र त्याचं चिलखत फोडायचं नसतं, नुसतं बोट लागलं तरी पुरे. म्हणून तलवारीला लागतो त्यापेक्षा कमी आकडा पडला तरी चालतो. आणि आपल्या माणसाला तर फासाच टाकायचा नाही. तो कशाला अंग चोरेल?"

बंकट हसला. मग मी त्याला अवघड भाग सांगितला. शत्रूच्या पुढ्यात मंत्र म्हणत बसलं तर तेवढ्यात तो एक वार करून घेतो. म्हणून लांब उभं राहून म्हणायचा, हातात धरून ठेवायचा आणि मग चालत जायचं. पण धरलेल्या हाताचा पहिला स्पर्श ज्याला होईल त्याच्यात मंत्र जातो. माणूस असो, दार असो, भिंत असो.

हे त्याला फार आवडलं. मंत्र धरला की तो खरोखर उजवा तळवा वर करून टेबलावर ठेवायचा. चहा आला तरी डाव्या हाताने घ्यायचा. म्हाळू चिडवायचा, "ह्याला घरी जेवू कोण घालतंय?"

भादव्यात संघाच्या एका संचालकाच्या घरचं दूध आलं. बंकटने लॅक्टोमीटर सोडला तर तो तळाला टेकला. निम्मं पाणी. बंकटने कॅन बाजूला काढला. दहा मिनिटांत आप्पांना फोन आला. आप्पा बंकटजवळ येऊन नुसते उभे राहिले. बंकटने चांगला आकडा लिहिला. त्याच सकाळी त्याने एकच म्हैस असलेल्या बायनाबाईचं दोन लिटर दूध पातळ म्हणून परत पाठवलं होतं. बायनाबाई अजून दारातच उभी होती. संचालकाच्या दुधाचा तो आकडा कॉम्प्युटरमध्ये मीच भरला.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट.

खेळात ते तिघं एका कोरड्या बारवेपाशी पोचले होते. पायऱ्या ढासळलेल्या. खाली एक राक्षस, आणि त्याच्याशी झुंजताना म्हाळूचा तलवारवाला तळाशी बेशुद्ध पडलेला. तीन फेऱ्यांत मदत मिळाली नाही तर तो मरणार. आप्पांनी दोन बाण मारले, राक्षस पडला. राहिला फक्त बंकट. त्याने वर काठावरच मंत्र म्हटला आणि तळवा उघडून टेबलावर ठेवला.

"आता?" मी विचारलं.

"झाडाला दोर बांधलेला हाय न्हवं? तो धरून खाली उतरतो."

"दोर धरून?"

"हां. सरसर."

मी थांबले. त्याला आठवण करून देता आली असती. पण चार दिवसांपूर्वीचा तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नव्हता. इथे तरी नियम सगळ्यांना सारखा असावा, असं मला वाटलं. कुणावर राग काढत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

"भाऊ, मंत्र दोरात गेला," मी म्हणाले.

"काय?"

"धरलेल्या हाताने पहिला स्पर्श दोराला झाला."

म्हाळू उठलाच. "आवो ताई, दोराला कुठं जखम हाय? डाव्या हातानं उतरला म्हना की!"

"एका हाताने उतरता येत नाही."

"आप्पा, तुमी सांगा."

आप्पा कागदाकडे बघत राहिले. तसेच, कॅनपाशी उभे होते तसे.

"बरूबर हाय ताईचं," बंकट म्हणाला. त्याने हात टेबलावरून उचलला, पँटला पुसला. खेळातल्या एका दिवसाला मंत्र मोजकेच मिळायचे, दुसरा उरला नव्हता. तीन फेऱ्या संपल्या आणि तलवारवाला मेला. बंकट बाहेर जाऊन कॅन धुवायला लागला. ते सकाळीच धुतलेले होते.

दुसऱ्या दिवशी तो खेळायला बसला नाही. मी विचारलं, "कावून भाऊ?" तर म्हणाला, "डोकं दुखतंय." चौथ्या दिवशीही तेच म्हणाला. मग संघाचं पत्र आलं आणि केंद्र बंद झालं.

दसऱ्यानंतर बंकट आणि त्याची बायको छबुबाई ऊसतोडीला निघाले. याआधी तो कधी गेला नव्हता. फाट्यावर ट्रक उभा होता. मी सकाळीच गेले. तो भांड्यांचं गाठोडं वर देत होता.

"भाऊ, मी नियम परत वाचला," मी म्हणाले. "दोर कोपरात धरून उतरता आलं असतं. चूक माझी झाली. ती फेरी आपण परत खेळू."

त्याने गाठोडं सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काय बोलते ते त्याला दुरून ऐकू यावं, तसं.

"ऱ्हाऊ द्या ताई. मला म्हाईत व्हतं की. पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं तुमी. ध्यान न्हवतं माझं." मग जरा थांबून म्हणाला, "चार दिस झालते, कशातच ध्यान न्हवतं."

छबुबाईने वरून हाक मारली. तो चढला.

फाल्गुनात पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला, आणि बंकट परत आला. मी तोवर बीडला एका क्लासच्या ऑफिसात लागले होते. सुट्टीला गावी आले, आप्पांना सांगून सगळ्यांना जमवलं, आप्पांच्याच ओसरीवर, भरदुपारी. म्हाळू आता पाण्याचा टँकर चालवत होता. तो नवा तिरंदाज करून आला. बंकटला मी जुना वैदू पुढे केला. त्याने कागद परत सरकवला.

"मंत्र नको. तलवार द्या कोनती बी."

मी दिली. त्याची पाळी आली की तो फासा टाकायचा आणि आकडा सांगायचा. वार लागला का, विचारायचा नाही. म्हाळूने दोनदा जुनी थट्टा काढली. आप्पा एकटेच हसले.

अर्ध्या तासात म्हाळूचा फोन वाजला. टँकर भरायच्या विहिरीवर लाइट आली होती. तो पळाला. बंकट उठला, बनियनवर सदरा चढवला.

"पुढच्या रविवारी बसू," मी म्हणाले.

"बसू की," तो म्हणाला.

आप्पांनी आलेखाचा कागद घडी घालून मला दिला. पुढच्या रविवारी मी बीडहून आले नाही. कुणी फोनही केला नाही.