काळी पाच, काळी चार

माघातलं ऊन पाचगणीला उशिरा येतं, आणि आलं तरी घाईनं येत नाही. आधी ते सिल्व्हर ओकांच्या शेंड्यांना शिवतं. मग फांदीफांदीनं, पानापानानं खाली उतरतं. वारा वाहिला की पानं उलटतात, हिरवी असतात ती रुपेरी होतात. वारा थांबला की पुन्हा हिरवी. रुपेरी आणि हिरवी, हिरवी आणि रुपेरी. सारा डोंगरमाथा श्वास घेतो, श्वास सोडतो.

त्या श्वासाच्या काठावर आठल्यांचं घर. घराला पूर्वेकडं काचेची पडवी. पडवीत शिसवी चौरंग, आणि चौरंगावर तो रेकॉर्ड प्लेअर. रुंद, जडशीळ, तपकिरी लाकडाच्या अंगाचा, धुरकट झाकणाचा, वृद्ध कासवासारखा शांत.

त्याच्यापाशी रोज सकाळी कुमुद उभी राही.

कुमुद आठल्ये. सत्तरी ओलांडलेली, चंदेरी केसांची, ताठ कण्याची. इथल्याच एका शाळेत तिनं उभा जन्म गाणं शिकवलं. बाविसाव्या वर्षी मुंबईला जाऊन तिनं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. तिच्या गुरुजींनी बांधलेलं, देसकार रागातलं, उजळत्या प्रहराचं. पुढं संसार आला, शाळा आली, लेक आली. दुसरी तबकडी आलीच नाही.

पण ती एक होती. काळीभोर, चकचकीत, छोट्या ताटलीएवढी. सुई टेकली की आधी तानपुऱ्याचा झंकार पसरे, मग बावीस वर्षांची कुमुद गाऊ लागे, आणि सत्तरीतली कुमुद तिच्या सुरात सूर मिसळी. स्वराला स्वर. श्वासाला श्वास. धैवतावर दोघी विसावत, वरच्या षड्जाला दोघी शिवत. ओळ संपली की वर्तमानपत्राआडून मुकुंदराव, तिचे यजमान, रोज तेच म्हणत, "तोच सूर गं, कुमुद. जराही हलला नाही."

त्या एका वाक्यावर तिचा दिवस उभा राही.

कारण तो सूर एकदा हरवला होता. तेराएक वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ गेली, आणि जाताना आवाजातलं काहीतरी सोबत घेऊन गेली. तबकडीवरची मुलगी उंच उंच जाई. कुमुद पायथ्याशीच राही. मग तिनं रेकॉर्ड प्लेअरवर कापड टाकलं, आणि वर्षभर त्या घरात कुणी गायलं नाही. भांडी वाजली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पावसानं पत्रे बडवले. गाणं तेवढं झालं नाही.

एका सकाळी मुकुंदरावांनीच ते कापड बाजूला केलं. "एकदा गाऊन तर बघ," म्हणाले. ती गायली, आणि सूर लागला! अगदी नेमका नाही, पण जवळचा. पुढच्या महिन्यात अधिक जवळचा. वर्ष सरता सरता असा जुळला की दोन आवाजांमधून सुई जाऊ नये. गळा परत आला, असं तिनं मानलं. तिचे कान शिक्षिकेचे होते, बारीक, कठोर, शेकडो मुलींचे बेसूर पकडणारे. पण हाती आलेल्या सुखाची परीक्षा कोण घेतं?

आता मात्र तो रेकॉर्ड प्लेअर थकला होता. तबकडी फिरू लागली की त्याच्या पोटातून घरघर उठे. तानपुऱ्याच्या झंकारावर धूळ बसल्यासारखी वाटे. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, सुई झिजली होती.

"आई, नवा घे," पुण्याहून लेक ऋजुता फोनवर म्हणाली. "झिजलेली सुई तबकडी खरवडते. एक दिवस त्यावर तुझा आवाजच उरणार नाही."

"नव्याची काही गरज नाही," मुकुंदराव इकडून म्हणाले. "पट्टा बदलू, सुई बदलू. बाकी मी बघतो. याला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

मुकुंदराव तसे मऊ माणूस. त्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेले, स्क्रू-ड्रायव्हर खिशात बाळगणारे, पण कशासाठीही हट्ट न धरणारे. भाजी कोणती, भिंतीला रंग कोणता, कशातच त्यांचं 'हेच हवं' नसे. मग याच बाबतीत आवाज एवढा का चढला? कुमुदच्या मनात कुतूहलाचं एक इवलं पाखरू फडफडलं, आणि बसायला फांदी शोधू लागलं.

आणि दुसरंही एक कुतूहल होतं, त्याहून जुनं. नव्या यंत्रावर, नव्या सुईखाली, त्या मुलीचा आवाज कसा येईल? धुळीखाली अजून काय काय असेल?

"ऋजू," ती म्हणाली, "तुझा तिकडचा घेऊन ये. दोन्ही ऐकू. मग ठरवू."

शनिवारी ऋजुता आली. तिचा रेकॉर्ड प्लेअर सडपातळ, पांढराशुभ्र, बगळ्यासारखा. चौरंगावर जुन्याशेजारी तो ठेवला तेव्हा ऊन नुकतंच पडवीत आलं होतं. काचेतून गाळलेलं, केशरी, कोमट. मुकुंदराव खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र हातात होतं, उलटं नव्हतं एवढंच. ते वाचत नव्हते.

कुमुदनं पदर सावरला. कंठ साफ केला. ऋजुतानं सुई टेकवली.

आणि उजाडलं.

झंकार आला तो दवासारखा स्वच्छ. तबल्यावर बोट पडलं ते बोटासारखं वाजलं. आणि मग ती मुलगी गायली. उंच, लखलखीत, चपळ, पहाटवाऱ्यात सोडलेल्या पताकेसारखी! कुमुदनं तोंड उघडलं, नेहमीच्या जागी स्वर ठेवला, आणि तो स्वर पायरी चुकल्यासारखा खाली पडला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा पडला. वरच्या षड्जापाशी मुलगी हसत हसत पोचली. कुमुदचा आवाज वाटेतच फाटला.

पडवीत क्षणभर फक्त ती मुलगी गात राहिली.

"हे यंत्र पळतंय," मुकुंदराव घाईनं म्हणाले. "नव्या वस्तूंचं असंच असतं. बंद कर ते."

"नाही हो बाबा, गती अगदी बरोबर आहे याची."

कुमुदचे कान जागे झाले होते. बारीक, कठोर, शिक्षिकेचे कान. त्या दिवशी मुंबईत गुरुजींनी तानपुरा कुठल्या सुरात लावला होता, ते तिला जन्मात विसरता येणार नव्हतं. "काळी पाच, आणि घाबरायचं नाही," असं ते म्हणाले होते.

"ऋजू, तुझ्या फोनवर तानपुरा आहे ना? काळी पाच लाव."

हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी, त्या सुरातला तानपुरा फोनमधून झरू लागला. तबकडी पुन्हा सुरू झाली. मुलीचा षड्ज त्या झऱ्यात अलगद विरघळला, साखर विरघळावी तसा.

"आता हीच तबकडी जुन्यावर."

जुना घरघरला, फिरला, गायला. आणि तो ओळखीचा, पिकलेला, रोजचा गोड आवाज फोनमधल्या तानपुऱ्याशी असा भांडला की ऋजुतानं कानांवर हात ठेवले.

"काळी चार लाव," कुमुद म्हणाली.

लावली. जुळला.

दोन पट्ट्यांची उतरण. एवढंच अंतर. पण त्या अंतरात बारा वर्षं मावली होती.

कुमुद वळली. मुकुंदरावांनी चष्मा काढून हातात घेतला होता; चष्म्याविना त्यांचा चेहरा उघडा, निराधार दिसत होता, पानं झडलेल्या झाडासारखा.

"पट्टा सैल झाल्यानं एवढा फरक पडतो का?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

"थोडा पडतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "एवढा नाही पडत. तबकडी ठेवतो ना, त्या बैठकीखाली बारीक स्क्रू आहे. गतीचा. तबकडी हळू फिरली की सूर उतरतो. मी तो फिरवला."

"केव्हा?"

"तू कापड टाकलंस त्यानंतर. तू बाजारात गेलीस की थोडा थोडा. तू मध्ये अडखळलीस की अजून थोडा." त्यांचा आवाज खाली खाली गेला. "घर फार गप्प झालं होतं गं. तुला वर चढता येईना, म्हणून मी तिला खाली आणलं."

ऋजुता खिडकीबाहेर पाहू लागली.

कुमुद दार उघडून अंगणात गेली. दवानं भिजलेल्या गवतात अनवाणी उभी राहिली. तर ते सारं उसनं होतं! तो सूर, ती ताठ मान, ती रोजची शाबासकी. बारा वर्षं ती त्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून चालली होती. आणि खरं तर मुलीलाच कुणीतरी हाताला धरून मागं ओढत होतं. तिला रडू आलं. थोडं रडून झालं. मग रडण्याच्या तळाशी, ओल्या वाळूत शिंपला चमकावा तसा, एक प्रश्न चमकला.

मघा गाताना त्या मुलीनं दुसऱ्या ओळीआधी श्वास चोरला होता. का बरं?

ती आत आली. "नव्यावर पुन्हा लाव," म्हणाली. या वेळी ती गायली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली. स्वच्छ सुईखाली एकेक गोष्ट उघडी होत गेली. घाबरलेला श्वास. ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीकडं धावणारं मन. धैवतावर क्षणभर टिकून लगेच निसटणारी, पाय भाजल्यासारखी नाचरी अधीरता. आणि आवाज? आवाज केवढा सुंदर! केवढा कोवळा, केवढा बेपर्वा!

"घाई करतेय," कुमुद पुटपुटली. "अगं, थांब जरा तिथं. कुणी हाकलतंय का तुला?"

ऋजुताला हसू फुटलं. मग कुमुदलाही. बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी, हुशार, गुणी, उतावळी. आणि इतकी वर्षं बाई तिच्याशी बरोबरी करत बसल्या होत्या.

"स्क्रू कुठला, दाखवा," ती मुकुंदरावांना म्हणाली. "मी फिरवते."

त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हाती दिला. जुन्यावर तबकडी लागली. फोनमध्ये काळी पाच झरत होती. कुमुदनं झुकून, श्वास रोखून, स्क्रूला पहिला हलका पीळ दिला.

आवाज किंचित उजळला.

आणखी एक पीळ. पिकलेपण ओसरलं, गळ्यातलं सायंकाळचं सावट विरलं. आणखी एक. गाणारी बाई तरुण झाली. आणखी एक. तरुणीची मुलगी झाली. कुमुदच्या बोटांखाली वर्षं उलटी फिरत होती, संध्याकाळची दुपार होत होती, दुपारची सकाळ. आणि शेवटच्या, केसाएवढ्या पिळानं घरघरीच्या धुक्यातून ती मुलगी थेट तानपुऱ्याच्या मांडीवर येऊन बसली. काळी पाच.

"आलं की हो वर!" कुमुद म्हणाली. तिच्या डोळ्यांत नवल होतं, निखळ, लहान पोराचं. "अजून येतं वर हे."

"येणारच. मोटर चांगली आहे त्याची," मुकुंदराव भीत भीत म्हणाले. "मग... नवा घ्यायचा?"

तिनं दोन्हींकडं पाहिलं. शुभ्र बगळा. तपकिरी कासव.

"नको. पट्टा बदला, सुई बदला. सुई चांगली घ्या, उत्तमातली. मला तिचा एकेक श्वास ऐकायचाय. पण राहू दे हाच." मग त्यांच्याकडं बोट करून म्हणाली, "आणि आता स्क्रूला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"मला विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर तू गायली असतीस का?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "नसते," म्हणाली. आणि त्यांच्या हातातला चष्मा घेऊन, पदरानं पुसून, त्यांच्या नाकावर ठेवला.

मग तिनं तबकडी थांबवली. मुलीला तिच्या कागदी पाकिटात निजवलं. "ऋजू, काळी चार दे."

तानपुरा दोन पायऱ्या उतरला. कुमुदनं पडवीची काच सरकवली, आणि बारा वर्षांत प्रथम एकटी गायली. सोबतीला कुणी नाही, पुढं कुणी नाही, मागं ओढलेलं कुणी नाही. आवाज खोल होता, कडेला किंचित खरखरीत, भाजलेल्या मातीसारखा. दुसऱ्या ओळीआधी तिनं पुरेसा श्वास घेतला. धैवतावर आली आणि तिथं थांबली. घाई नव्हती, कुणी हाकलत नव्हतं. थांबली, आणि त्या एका स्वरात ऊन भरू दिलं.

रोजचं वाक्य मुकुंदरावांच्या ओठांशी आलं, आणि परत गेलं.

बाहेर पठाराच्या कड्यावर एक घार निघाली होती. स्वर कड्यापर्यंत गेला, कड्यावरून दरीत उतरला. घारीनं पंख पसरले, उन्हाच्या उबेवर अंग टाकलं. वर गेली नाही, खाली आली नाही. होती तिथं, होती त्या उंचीवर, सारं आभाळ पेलत, निवांत तरंगत राहिली.