तिकोनी कोपऱ्याचे गाणे

आमच्या अल्बममधली नऊ गाणी झाली होती: बंद पडलेल्या शाळेचे, दुधाच्या टँकरचे, टेकडीवरच्या मोबाइल टॉवरचे. दहावे बाबांचे, नांगरामागे चालताना म्हणायचे. आणि तेच अडून बसले होते.

त्याची अकरा कडवी, प्रत्येक आधीच्यापेक्षा तोकडे. पहिल्यात आठ ओळी, शेवटच्यात जेमतेम दोन शब्द. वयापरत्वे बाबा विसरले असतील, असे मी वर्षानुवर्षे धरून चालले होते. म्हणून कविता शिकलेल्या मुलीच्या ऐटीत मी उरलेल्या ओळी स्वतः रचल्या आणि प्रत्येक कडवे आठ ओळींचे केले. बाबांनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि स्टुडिओच्या काचेपलीकडच्या खोलीत जाऊन आपल्याच रीतीने गायले.

रेकॉर्डिस्टने हेडफोन उतरवले. संध्याकाळपर्यंत अल्बम पाठवायचा होता. एक तर गाणे गाळा, नाहीतर मी कापून-जोडून सरळ करतो, असे त्याचे म्हणणे. ज्याला आम्ही वादळ म्हणतो तो आमचा ड्रमवादकही मान डोलावत होता. थांबणे त्याच्या रक्तातच नाही.

मी आत गेले. "बाबा, पुढच्या ओळी आठवत नाहीत का?"

"असतील तर आठवतील ना. आपल्या शेताचा शेवटचा कोपरा कसा होता?"

त्या शेतावर आता गोदाम उभे आहे.

"तिकोनी," बाबा म्हणाले. "बाकी रानात गाणं लागायचं नाही. कोपऱ्यात सारखं वळावं लागे, बैल कुरकुरायचे. म्हणून हे गाणं. या बांधापासून त्या बांधापर्यंत एक कडवं. बैल वळेपर्यंत दम घ्यायचा. तुझ्या आठ ओळी म्हणत गेलो तर शेजाऱ्याच्या रानात घुसेन, पोरी. आधीच तो भांडकुदळ."

माझ्यामागून आत आलेला वादळ खो खो हसला. मला हसू येईना. ज्या कोपऱ्याची खूण जमिनीवर उरली नव्हती, त्याची मापे या माणसाच्या श्वासात शाबूत होती, आणि मी ती दुरुस्त करायला निघाले होते.

गाणे जसेच्या तसे जाईल, नाहीतर अल्बमच जाणार नाही, असे मी बाहेर येऊन सांगितले.

"ताई, लोक म्हणतील, यांना ताल कळत नाही," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"म्हणू देत."

वादळाने टकटक करून ताल मोजणारा मेट्रोनोम बंद केला आणि ड्रम बाबांच्या समोर ओढले. बाबा जागच्या जागी चालत गाऊ लागले. कडवे संपले की त्यांची टाच वळे, आणि वादळाचे हात हवेतच थांबत. दर खेपेला वळण लवकर येत गेले. शेवटी दोन शब्द, एक ठोका.

बाबांनी गाणे एकदाच ऐकले, उभ्याने. मग वादळाच्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगला वळतोस. बैलांनी ऐकलं असतं तुझं."

वादळाला एरवी कौतुक पचत नाही. काहीतरी फाजील बोलून तो ते उडवून लावतो. आज नुसता ताठ बसून राहिला.