मधली सोळा पानं

गुरुदत्तांनी बाथरूमचं दार आतून लावून घेतलं, नळ सोडला आणि सदऱ्याखालून पुस्तक काढलं. मंडळी यायला अजून थोडा वेळ होता. तेवढ्यात मधली ती पानं एकदा वाचून बघायची होती. परक्या बंदरात लपलेला हेर अंधारात होडीत पाय टाकतो, आणि पान उलटलं की सांगलीकडच्या एका लग्नात आचारी होऊन मठ्ठा ढवळत असतो. नावही वेगळं. बरं, वेषांतर म्हणावं, तर थोड्या पानांनी तो पुन्हा होडीत, खांद्याला गोळी लागलेली, आणि त्याचा जिवलग मित्र मेलेला. गोळी कोणी मारली? मित्र कधी मेला? काही म्हणता काही हाताला लागेना.

हा माणूस जन्मभर हेरकथांवर पोसलेला. बँकेने बदली कुठेही करो, सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. फितूर कोण हे अर्ध्यातच सांगून टाकून त्यांनी बायकोची बोलणीही खाल्ली होती. आणि आता साधी गोष्ट डोक्यात राहत नव्हती. त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं, असंच सुरू झालं होतं. आधी पेपर वाचलेला कळेनासा झाला, मग नावं गेली, शेवटी तर ते गुरुदत्तांनाच अदबीने "आपण कोण?" असं विचारत. ते आठवलं की गुरुदत्त ती पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेत.

बरं, विचारणार कोणाला? कोलकात्यातल्या चार मराठी घरांचं त्यांचं वाचनमंडळ. पुण्याहून एकच प्रत मागवायची, ती हावड्याहून डमडमला आणि डमडमहून सॉल्ट लेकला गुरुदत्तांकडे फिरायची. यंदा फक्त हेरकथा, पण दर महिन्याला निराळ्या जातीची. ऐतिहासिक झाली, युद्धातली झाली, विज्ञानातली झाली. नियम मात्र एकच आणि कडक. बैठकीपर्यंत पुस्तकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, नवराबायकोतसुद्धा नाही. हा नियम खुद्द गुरुदत्तांनीच केलेला होता, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

चहा झाला आणि डमडमच्या सारंगने सुरुवात केली.

"काय तंत्र आहे, काका! एवढ्या थरारात मधेच लग्नाचा मांडव. हेर म्हणजे शेवटी बहुरूपीच, हे लेखकाने न सांगता सांगितलंय."

हावड्याच्या मीनाक्षीबाईंनी मान डोलावली. "पुन्हा वाचायला हवं असं पुस्तक आहे."

"हो, फारच छान," गुरुदत्तांची बायको सुनीती घाईने म्हणाली आणि वडे आणायला उठून गेली.

सगळ्यांना कळलंय, गुरुदत्तांच्या मनात आलं. मी तेवढा राहिलो.

"काका, आज गप्प का? फितूर कोण ते सांगा ना."

गुरुदत्तांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"मला कळलं नाही, सारंग. त्या लग्नापासून माझा धागाच तुटला. मित्र कधी मेला तेसुद्धा सांगता येणार नाही मला."

सारंग पंख्याकडे बघू लागला.

"कुठलं लग्न?" अनुराधाने विचारलं.

ही सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला आलेली, मंडळात नवीच. सुट्टीत पुण्याला गेली तेव्हा तिने स्वतःची वेगळी प्रत घेतली होती, म्हणून फिरत्या प्रतीच्या वाटेला ती गेलीच नव्हती. तिने पिशवीतून आपलं पुस्तक काढलं आणि दोन्ही प्रती टीपॉयवर शेजारी शेजारी उघडल्या. होडीपर्यंत अक्षर न् अक्षर तेच. पुढे तिच्या प्रतीत होडी सुटत होती, गोळीबार होत होता, मित्र मरत होता. लग्न नव्हतंच.

"काका, हा दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा आहे! माझ्या मामांचा छापखाना होता, म्हणून माहितीये. सोळा सोळा पानांचे गठ्ठे शिवतात. याच प्रकाशकाची एक विनोदी हेरकथा आहे, आचाऱ्याची, त्यातला गठ्ठा इथे आला. पानांचे आकडे बरोबर जुळले, मग कळणार कसं?"

सगळ्यांनी सारंगकडे पाहिलं. सारंगने चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

गुरुदत्त हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. डोक्यावरचं पोतं कोणीतरी हात देऊन उतरवावं तसं त्यांना हलकं हलकं वाटत होतं. ही गंमत सांगायला ते लगबगीने स्वयंपाकघरात गेले.

सुनीतीला बाहेरचं सगळं ऐकू आलं होतं. गॅस बंद करून ती ओट्याला टेकून उभी होती, तोंडाला पदर लावून.

"अगं, रडतेस काय?"

"मला वाटलं, माझं डोकं जायला लागलं," ती म्हणाली. "अण्णांचं सगळं मी केलंय हो. म्हटलं, आता माझं कोण करणार? तुम्हाला तर साधा कुकर लावता येत नाही."

गुरुदत्त तिच्या शेजारी ओट्याला टेकले.

"मला वाटलं, माझं."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम."

"जळला मेला तुमचा नियम!" तिने डोळे पुसले. "मी फक्त सुयशला सांगितलं होतं. म्हटलं, बाबांना कळू देऊ नकोस."

"मीही त्यालाच सांगितलं. आईला कळू देऊ नकोस म्हणून."

बंगळूरचा मुलगा हल्ली रोज संध्याकाळी फोन करून काय जेवलात ते विचारत होता. कामाच्या नावाखाली शुक्रवारी यायचंही म्हणत होता. पोरगं आपल्यासाठी येतंय, असं दोघांनीही मनातल्या मनात धरलं होतं आणि दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं.

सुनीतीने तिथूनच फोन लावला. लग्न, होडी, फर्मा, सगळं दोघांनी मिळून, एकमेकांना मधे तोडत सांगितलं.

"म्हणजे दोघंही बरी आहात?" सुयशने शेवटी विचारलं.

"ठणठणीत," गुरुदत्त म्हणाले.

त्याने नाक ओढल्याचं फोनवर स्पष्ट ऐकू आलं.

"मग तिकीट रद्द करू?"

"नको," दोघंही एकदम म्हणाली.