गाडीचं माप

मावशींनी पन्नास वर्षं माणसांची मापं घेतली, पण कधी गाडीचंही माप घ्यावं लागेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. अख्खी गल्ली त्यांना शिवणवाल्या मावशी म्हणायची.

घरच्या छोट्या लाल गाडीचं इंजिन थकलं होतं आणि सुटे भाग मिळत नव्हते. लेकीनं मनावर घेतलं, इंजिन काढून विजेची मोटर बसवायची. ती लिफ्ट दुरुस्त करायची. माणसांनी भरलेली पेटी दहा मजले वर चढवणारीला दाराशी उभी असलेली गाडी काय जड?

पण तिच्या बाबांना हे पटेना. "इंजिन काढलं की उरलं ते पत्र्याचं खोकं," म्हणाले आणि चार महिने गाडीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. शेवटी बापलेकीत ठरलं. रविवारी दहापर्यंत गाडी आपल्या चाकांनी फाटकाबाहेर आली तर राहील, नाहीतर भंगारवाला ओढून नेईल. बाबांनी त्याला यायला सांगूनही टाकलं.

मावशींचा जीव गाडीत अडकला होता. लेक तीन दिवसांची असताना याच गाडीतून घरी आली होती, शिवणाच्या गठ्ठ्यांच्या मधोमध.

मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडायला मधे बोटभर जाडीची धातूची चकती लागणार होती. तिला कडेनं दहा भोकं, तीही वेडीवाकडी. भोकांचं माप उठवायला लेकीनं कागद लावला, पण तो सारखा सरकायचा. "हो बाजूला, हे माझं काम," म्हणत मावशींनी कागद गिअरबॉक्सवर पसरला, कॉलरची कड दाबावी तशी कड दाबली आणि एकेक भोक अंगठ्यानं उठवलं. त्या मापावरून लेथवाल्यानं चकती कापली.

शनिवारी दुपारी ती लावून बघितली, तर दहातली दोनच भोकं जुळली.

लेक दोन तास मोजत होती. "एका केसाचाही फरक नाही गं, आई. मग बसत का नाही?" शेवटी पाना टाकून ती फरशीवरच बसली. "नेऊ दे भंगारवाल्याला. हरले मी."

खिडकीतून बाबांचा आवाज आला, "काय, शिवण उसवली वाटतं?"

मावशींनी कागद उचलून उजेडात धरला, पेन्सिलच्या खुणा बघितल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं. कापडाच्या सुलट बाजूला शिंपी कधी खूण करत नाही. माप उठवून झाल्यावर हाताच्या सवयीनं त्यांनी कागद पालथा घातला होता आणि सगळ्या खुणा मागच्या बाजूला केल्या होत्या. लेथवाल्यानं बिचाऱ्यानं खुणांची बाजू वर धरली. डाव्या हाताची बाही उजव्याला लागली होती!

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "चकती पालथी कर."

"अगं, पण स्क्रूची डोकी बुडवायचे खळगे मग भलत्याच बाजूला येतील."

"खळगे परत पाडता येतात. आधी पालथी कर."

लेकीनं चकती उलटली. दहाच्या दहा भोकं जुळली.

लेथवाला शटर ओढत होता, तेवढ्यात मावशी चकती घेऊन पोचल्या.

"उद्या या, मावशी."

"तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी कोटाची फाटकी बाही घेऊन आलास, तेव्हा मी उद्या ये म्हटलं होतं का रे?"

शटर वर गेलं.

रविवारी पावणेदहाला भंगारवाला साखळी घेऊन फाटकाशी हजर होता. बाबा हाताची घडी घालून पायरीवर उभे. लेकीनं किल्ली फिरवली. घरघर नाही, थरथर नाही, धूर नाही.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? बंदच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत गाडी चालू लागली.

चाकांखाली खडे कुरकुरत होते, तेवढेच ऐकू येत होते. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, आणि ती लाल गाडी आपल्याच मनानं निघाल्यासारखी फाटकाकडे येत होती. मावशींचा हात तोंडावर गेला. भंगारवाल्यानं साखळी खाली ठेवली आणि वाट मोकळी केली.

असं मावशींनी याआधी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनीच हट्टानं त्यांच्या पायमशीनला मोटर बसवली होती. "माझं मशीन माझ्या पायांवर चालतं," म्हणून त्या तेव्हा फुगून बसल्या होत्या. मग सुई आपोआप धावली आणि त्या भांडणच विसरल्या.

फाटकाबाहेर गाडी थांबली. लेक उतरली, दार उघडं धरून उभी राहिली. "बाबा, चालवता?"

बाबांनी हाताची घडी सोडली. मग आले, बसले. मावशी मागच्या सीटवर चढल्या. गाडी गल्लीतून सरकू लागली. दोन्ही बाजूंची माणसं मागे वळून बघत होती. बाबांचा डावा पाय मात्र खाली चाचपडत होता, काढून टाकलेला क्लच शोधत.

"हा पाय काही ऐकत नाही," ते ओशाळून म्हणाले.

"हलू द्या हो," मावशी म्हणाल्या. "माझे सहा महिने हलत होते."