मंगळवारचा तास

गणिताच्या बाईंचा फोटो कॉलेजच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर होता आणि फोटोत त्यांच्या हातात रसायनाचा चंबू होता. गणितात फोटो काढण्यासारखं काही नसतं, असं फोटोग्राफरचं म्हणणं पडलं. फळ्यापाशी उभं केलं तर अर्धा चेहरा फळ्याकडे जातो. म्हणून बाईंना प्रयोगशाळेत नेलं, पांढरा कोट चढवला, चंबूत निळं पाणी भरलं आणि दोन्ही बाजूंना दोन हसरी मुलं उभी केली. बाईंच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, ते मुखपृष्ठ फ्रेम करून आपल्या शिवणाच्या दुकानात टांगलं. गिऱ्हाइकाने विचारलं, बहीण काय करते, की ताई त्या चंबूकडे बोट दाखवून म्हणायची, "संशोधन."

बाई नदीपलीकडच्या. शहर नदीच्या अलीकडे, कॉलेज अलीकडे, बँका-दवाखाने सगळं अलीकडे. पलीकडे वस्त्या, वीटभट्ट्या आणि घरात बोलायची वेगळी भाषा. पलीकडची मुलं पूल ओलांडून कॉलेजात यायला लागली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पलीकडचे शिक्षक म्हणाल तर सबंध कॉलेजात या बाई एकट्याच. त्यांना त्याचा गर्व नव्हता की सलही नव्हता. पहिल्या वर्षाला गणित शिकवायला आवडायचं, तेवढ्यावर त्या खूष होत्या. बाकीचे शिक्षक पहिल्या वर्षाचा वर्ग एकमेकांच्या गळ्यात मारायला बघत, आणि या बाई तो मागून घेत. मूल नेमकं कुठे अडतं हे हुडकून काढण्यात त्यांना जी मजा यायची ती वरच्या वर्गांत येत नसे. तिथवर पोचेपर्यंत मुलं अडल्याचं लपवायला शिकलेली असत.

मग नवं धोरण आलं. धोरण वाईट होतं असं कुणी म्हणू नये. रसायनाच्या बाईंनी ते सगळ्यांशी भांडभांड भांडून मंजूर करून घेतलं होतं. आधी पलीकडच्या मुलांच्या वसतिगृहाचे नियम अलीकडची माणसं ठरवत आणि मुलांना ते दारावर चिकटवल्यावर कळत. रसायनाच्या बाईंना याची मनापासून चीड होती. त्यांनी नियम करवला, की प्रत्येक समितीत पलीकडचा एक तरी सदस्य हवा आणि तो हजर नसेल तर बैठक भरणारच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलेजात समित्या ढीगभर आणि पलीकडचा शिक्षक एकच, हे त्या टाळ्यांच्या गडबडीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. एवढी शिकलेली माणसं, पण एकाला ढीगभराने भाग जात नाही हे त्यांना सुचलं नाही.

बाई ग्रंथालय समितीत गेल्या, क्रीडा समितीत गेल्या, उपाहारगृह समितीत गेल्या. बाग समितीतसुद्धा गेल्या. तिथे दोन बैठका गुलाब की जास्वंद यावर झाल्या आणि दोन्ही वेळा अध्यक्षांनी अदबीने विचारलं, "पलीकडच्या दृष्टीने आपलं काय मत?" बाई म्हणाल्या, "पाणी घाला म्हणजे झालं."

तास बुडू लागले तेव्हा कॉलेजने एक तरुण सर नेमले. पोरगा हुशार आणि कष्टाळू होता, पण पाठ वर्गाकडे आणि तोंड फळ्याकडे. गणित सुटलं की वळून विचारायचा, "समजलं?" वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा आणि तो बिचारा खरं मानायचा.

शेवटच्या बाकावर पलीकडची एक मुलगी बसायची, भट्टीवाल्याची धाकटी. वर्षाच्या सुरुवातीला ती तास संपल्यावर बाईंच्या टेबलाशी येऊन चुकलेलं गणित न लाजता पुढे ठेवायची. चुका इतक्या छान असायच्या, की बाईंना घरी गेल्यावरही आठवायच्या. हल्ली ती व्हरांड्यात दिसली की नमस्कार करून भराभर पुढे निघून जायची. सहामाहीचा निकाल लागला आणि पलीकडची बहुतेक मुलं गणितात गडगडली, तीही त्यांत होती. बाईंनी तिची उत्तरपत्रिका काढून दोनदा वाचली.

कॉलेजलाही वाईट वाटलं, म्हणजे कॉलेजने समिती नेमली. पलीकडची मुलं गणितात मागे का पडतात याचा अभ्यास करण्यासाठी. बैठक दर मंगळवारी दहा वाजता.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस सज्जन होता. कुणाचं मन दुखवायचं म्हटलं की त्यांनाच आधी खोकला यायचा.

"बाई, आनंदाची बातमी आहे. आपण पलीकडच्या मुलांसाठी समावेश केंद्र काढतोय. प्रमुख तुम्ही. स्वतंत्र खोली, एक मदतनीस, आणि..." ते हसले, "शिकवण्यातून पूर्ण सुटका."

"सुटका?"

"एकही तास नाही! उद्याच्या बैठकीत जाहीर करून टाकू. सध्या तुमची किती ओढाताण होते, दिसतं ना आम्हाला."

बाई म्हणाल्या, "उद्यापर्यंत विचार करते, सर." प्राचार्यांना नवल वाटलं. या खुर्चीसाठी विचार करावा लागेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी बाई ताईच्या दुकानात जाऊन बसल्या. ताई एका कोटाची बाही उसवत होती. सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली.

"मग रडतेस कशाला?"

"रडत कुठे आहे?"

"तोंड बघ आरशात. अगं, आपली आई त्या कॉलेजच्या फाटकासमोर भाजी विकायची. आत पाऊल नव्हतं टाकलं तिने कधी. आणि तुला तिथे खुर्ची देतायत, तर तू खडूचं तुणतुणं वाजवतेस!"

"ताई, मला शिकवता येतं. खुर्चीत बसता येत नाही."

"शीक की मग. सगळ्यांना शिकवतेस ना?" ताईने बाही पुन्हा हातात घेतली. जरा वेळाने आवाज खाली आणून म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर पुढच्या वेळी विचारणार नाहीत आपल्यातल्या कुणाला. तेवढं लक्षात ठेव."

हे बाईंना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. हो म्हटलं तर वर्ग गेला कायमचा. नाही म्हटलं तर आईच्या फाटकापासून इथवर आलेली वाट आपल्याच हाताने बंद केल्यासारखं होणार. रात्री जेवण झालं, भांडी झाली, तरी काही ठरेना.

मंगळवारी दहाला बैठक सुरू झाली. प्राचार्य मधे, एका बाजूला रसायनाच्या बाई, समोर इतिहासाचे सर आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अर्थशास्त्रवाल्यांना सगळे मुद्देसूद म्हणत, कारण ते "माझे दोनच मुद्दे" असं म्हणून सुरुवात करत आणि ते दोन आजवर कुणी मोजून पाहिले नव्हते. भिंतीवर निकालाचा आलेख लावला होता. अलीकडच्या मुलांचे खांब उंच, पलीकडच्यांचे बुटके.

"मी तर वर्गात कोण कुठला ते बघतच नाही," इतिहासाचे सर म्हणाले. "मला सगळी सारखी."

"तेच तर चुकतं तुमचं," रसायनाच्या बाई म्हणाल्या. "बघायला हवं. वर्गात आपल्यासारखं कुणी दिसलं की मुलं धीर करून विचारतात. साधी गोष्ट आहे."

"माझे दोनच मुद्दे," मुद्देसूद म्हणाले. "पातळी खाली आणू नका. आणि पाया कच्चा असेल तर वर कितीही..."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर बाक सरकल्याचा खरखराट झाला. मुद्देसूद थांबले आणि कपाळाला आठ्या घालून छताकडे बघू लागले. "केवढा हा गोंधळ! कोणता वर्ग आहे वर?"

बाई छताकडे बघत होत्या. गेले दोन मंगळवार हा आवाज त्यांनी ऐकला होता आणि दोन्ही वेळा जीव वर ओढला गेला होता, पण भल्या माणसांच्या बैठकीत हे कसं बोलायचं म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. आज त्यांच्याच्याने राहवेना.

"पहिलं वर्ष," त्या म्हणाल्या. "गणित."

"आत्ता?"

"दर मंगळवारी दहाला. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ना, ती मुलं वर बसलीयत."

"मग शिकवतंय कोण?" इतिहासाच्या सरांनी विचारलं.

"ते तरुण सर. तास माझा आहे."

प्राचार्यांना खोकला आला. रसायनाच्या बाईंनी एकदा आलेखाकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठीच एवढं करत होतात. कसं बोलायचं?"

"वेळ बदलू," प्राचार्य घाईघाईने म्हणाले. "तसंही केंद्र झालं की हा प्रश्नच उरणार नाही. तुम्हाला तासच नसतील."

"म्हणूनच सर, मला ते केंद्र नको. वसतिगृहाच्या समितीत मी राहीन, तास संपल्यावर बोलवा, हवं तेवढं भांडेन. बाकीच्या सगळ्यांतून मला काढा."

रसायनाच्या बाई कळवळून म्हणाल्या, "मग पुन्हा सगळे निर्णय पाठीमागे होतील गं. त्या नियमासाठी मी काय काय ऐकून घेतलंय, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. नियम ठेवाच. पण मी एकटी किती खुर्च्यांवर बसू?"

"तोच तर प्रश्न आहे, बाई," प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर काकुळतीला आला होता. "तुम्ही नाही तर दुसरं कोण? दुसरं कुणी आहेच कुठे?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "वर बसलंय. आत्ता पहिल्या वर्षाला आहे आणि गणितात नापास झालंय. ते पास झालं, तर आणखी काही वर्षांनी तुमच्या या खुर्च्यांना माणसं मिळतील. ते झालं नाही, तर मीही पुरणार नाही. मला वर जाऊ द्या, सर."

मुद्देसूदांनी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदाच एकही मुद्दा न मांडता मिटलं. रसायनाच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हाताने दाराकडे खूण केली. "जा बाई, जा. तू नसलीस की बैठक आपोआप मोडते, माझाच नियम आहे तो."

बाई जिना चढल्या. ताई महिनाभर तरी धड बोलणार नाही, हे त्यांना पहिल्याच पायरीवर कळून चुकलं होतं. वर्गाच्या दारात पोचल्या तेव्हा तरुण सर फळा भरून वळतच होते. बाईंना पाहून त्यांनी खडू पुढे केला. जड पिशवी कुणी हातातून घ्यावी तसं त्यांना हलकं वाटलेलं दिसलं.

"एवढं झालंय, मॅडम. मुलांना समजलंय."

बाईंनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. गणित बरोबर होतं. वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, "समजलं?"

"हो!" वर्ग एका सुरात म्हणाला.

मग आजवर या वर्गात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. तोच प्रश्न त्यांनी आपल्या घरच्या भाषेत विचारला, आई विचारायची तसा, मान जराशी कलती करून.

अलीकडची मुलं एकमेकांची तोंडं बघू लागली. शेवटच्या बाकावर भट्टीवाल्याची धाकटी उठून उभी राहिली आणि त्याच भाषेत म्हणाली, "नाही."

"काय म्हणाली?" पुढच्या बाकावरच्या एका मुलाने वळून विचारलं. हा शहरातला, डॉक्टरांचा मुलगा.

"समजलं नाही म्हणाली," बाईंनी सांगितलं.

त्या मुलाने फळ्याकडे पाहिलं, तरुण सरांकडे पाहिलं आणि हळूच हात वर केला. "मॅडम, मलापण नाही." त्याच्या शेजारच्याचा हात वर गेला, मग खिडकीकडच्या रांगेतले तीन-चार, मग मागचे, आणि बघता बघता सगळा वर्ग हात वर करून हसायला लागला. तरुण सरही ओशाळून हसले आणि पहिल्या बाकावर मुलांशेजारी जाऊन बसले. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी फळा पुसला.