वीतभर आखूड पडदे

आमच्या दुकानात कामाची वाटणी सरळ आहे. दुकान बायको चालवते, तोंड मी चालवतो. तीस वर्षं पडदे शिवतोय असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणाल तर मी मापं घेतो, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवतो आणि दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबरबात काढतो. कापणं, शिवणं, चुण्या घालणं हे सगळं ती करते. आत, मागच्या भिंतीशी, ट्यूबलाइटखाली. लोक मास्तर म्हणतात ते मात्र मला. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही.

समोरचं सुताचं गोदाम वीस वर्षं बंद होतं. मग कुणीतरी ते विकत घेतलं, घासूनपुसून काढलं आणि आत घरं बांधली. त्या घरांना म्हणे लॉफ्ट म्हणायचं. आमच्याकडे लॉफ्ट म्हणजे माळा. तिथे फुटक्या बादल्या आणि सासऱ्यांची ट्रंक असते. आता माणसं हौसेनं माळ्यावर राहायला येणार, आणि तेही उघड्या विटा नि उघडे पाइप बघत! आमच्या भिंतीच्या विटा उघड्या पडल्या तेव्हा आम्ही लाजेकाजेस्तव वर कॅलेंडर लावलं होतं.

रस्ताही बदलला. खिळेमोळ्यांच्या दुकानात कॉफी आली. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या जागी कुंड्या आल्या. दुकानात तीन कुंड्या आणि त्यांच्याकडे बघायला दोन नोकर. मी स्टुलावरून सगळ्यांचा समाचार घ्यायचो. माझं ऐकायला पैसे पडत नसल्यामुळे लोक थांबायचे.

तीन महिन्यांपूर्वी त्या इमारतीच्या मॅनेजरबाई दुकानात आल्या. बायको तेव्हा बहिणीकडे गेली होती. बाई म्हणाल्या, ‘‘मास्तर, खालच्या मजल्यावर दुकानं काढतोय. रस्त्यातले जुने कारागीर तिथे असावेत असं आम्हाला वाटतं. कोपऱ्यातलं दुकान तुमच्यासाठी ठेवू का? दोन्ही बाजूंनी काच आहे, भरपूर उजेड. भाडं इथल्याइतकंच.’’

शहाण्या माणसानं काय केलं असतं? निदान ‘घरी विचारून सांगतो’ म्हटलं असतं. पण समोरून कॉफीवाला बघत होता, कुंड्यांची दोन माणसं बघत होती, आणि एवढे श्रोते मला रोज मिळत नाहीत. मी उठून उभा राहिलो. ‘‘बाई, कारागीर म्हणजे बरणीतलं लोणचं नाही, काचेत ठेवून दाखवायला!’’ असं सुरू करून मी चांगली दहा मिनिटं बोललो. शेवटी कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. बाई ‘बरं’ म्हणून गेल्या. पुढचे आठ दिवस मी ही हकीकत सलूनवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली. बायकोला तेवढी सांगितली नाही. का नाही, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

कारण तिचे डोळे. दोन वर्षं झाली, ट्यूबलाइटखाली तिला सुई ओवता येत नाही. दर वेळी उठून दाराशी यायची, उजेडाकडे सुई धरायची, तीनचारदा चुकायची, मग आत जायची. मी स्टुलावरून म्हणायचो, ‘‘आल्या का राणीसाहेब हवा खायला?’’ आणि स्वतःच हसायचो.

मग एके दिवशी तिनंच विषय काढला. ‘‘अहो, समोर दुकानं देतायत म्हणे. विचारू या का? मला खिडकी मिळेल.’’

चोराच्या उलट्या बोंबा तशातला प्रकार. चढ्या आवाजात म्हणालो, ‘‘इतकी वर्षं खिडकीवाचून अडलं नाही ते आता काय अडतंय?’’

तिनं हातातली सुई डबीत ठेवली. मग आत गेली आणि अबोला सुरू झाला. आमचा अबोला म्हणजे साधासुधा नसतो. ती कपाटाला सांगते, ‘‘जेवण झाकून ठेवलंय.’’ मी पंख्याला सांगतो, ‘‘भूक नाही.’’ मग तासाभरानं गुपचूप जाऊन जेवतो.

अबोल्याच्या चौथ्या दिवशी मॅनेजरबाई पुन्हा आल्या. मी पेपर तोंडासमोर धरला. पण त्या पडद्यांची ऑर्डर घेऊन आल्या होत्या. लोकांना दाखवायला त्यांनी एक लॉफ्ट सजवला होता. खिडकी चौदा फूट उंच, आणि दुपारी आत नुसती भट्टी. आठवड्यानं, गुरुवारी चार वाजता पाहुणे येणार होते. माझ्याकडे न बघता त्या थेट आत बायकोकडे गेल्या. बायकोनं ऑर्डर घेतली. तिचा चेहरा असा खुलला की मी तिकडे बघायचं टाळलं. काम पसंत पडलं तर त्याच जोरावर दुकान मागायचं, हे तिनं मनाशी धरलं असणार. मी परस्पर नकार देऊन बसलोय, हे तिला कुठे माहीत?

आता मापाचं सांगतो. आमच्या टेपचे सुरुवातीचे तीन इंच कधीच तुटले आहेत. नवी टेप दहादा आणता आली असती, पण हातात बसलेली वस्तू मी सोडत नाही. त्यामुळे दुकानाचा नियम असा, की टेप जो दाखवेल तो आकडा मी ओरडायचा आणि कापताना तिनं प्रत्येक खेपेचे तीन इंच कमी करायचे. कधी चुकलं नाही. त्या उंच खिडकीला टेप तीन खेपा लावावी लागली. तिथला इंजिनियर म्हणाला, ‘‘काका, माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे.’’ मी म्हणालो, ‘‘ठेव तुझ्याकडेच.’’ तीन खेपांचे नऊ इंच जास्त आले.

एरवी मी दुकानात येऊन आकडा ओरडलो असतो. पण अबोला होता. ओरडणार कुणाला, पंख्याला? म्हणून कागदावर लिहिला. आणि लिहिताना वाटलं, कागदावर लिहायचं तर बरोबरच लिहावं. मी नऊ इंच वजा केले. कागद तिच्या मशीनवर ठेवला. तिनं तो वाचला, आणि नेहमीप्रमाणे नऊ इंच वजा केले.

गुरुवारी दुपारी एक वाजता चार पडदे त्या खिडकीवर चढले आणि जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले. शाळेतल्या पोराची विजार आखूड व्हावी तसे.

मॅनेजरबाईंनी घड्याळात बघितलं. इंजिनियर खोकला. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं. ‘‘तुम्ही वजा केले?’’

‘‘हो.’’

‘‘कधी नव्हे ते?’’

‘‘कधी नव्हे ते.’’

मला वाटलं, आता माझी बिनपाण्यानं होणार. पण ती बाईंना म्हणाली, ‘‘चार वाजेपर्यंत करून देते. खाली दुमड मोठी ठेवलीय, उसवून सोडली की पुरेल.’’ पडदे उतरवले. ती त्या खिडकीखाली जमिनीवर मांडी घालून बसली, दुमड उसवायला लागली. मी इस्त्री घेऊन शेजारी बसलो. मग तिनं सुई घेतली आणि दोरा एका झटक्यात ओवला. चष्मासुद्धा वर केला नाही. तो दोरा संपला, पुन्हा एका झटक्यात. तिचे हात असे भराभर चालताना मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. मला वाटायचं, वयानं हात जड झालेत. हात कसले जड झालेत! मीच उजेड अडवून दारात बसलो होतो.

मला राहवेना. हातातली इस्त्री बाजूला ठेवली.

‘‘अगं,’’ मी म्हणालो, ‘‘यांनी कोपऱ्यातलं दुकान आपल्याला देऊ केलं होतं. तीन महिन्यांपूर्वी. मी नको म्हणालो. तुला न विचारता.’’

तिनं टाका पुरा केला, दातानं दोरा तोडला.

‘‘मला माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सलूनवाल्याच्या बायकोनं त्याच आठवड्यात सांगितलं. तुम्ही लोणच्याचं काहीतरी बोललात म्हणे. टाळी पण पडली.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘वाट बघत होते. म्हटलं, सगळ्या गावाला सांगतायत, कधीतरी मलाही सांगतील. शेवटी मीच विषय काढून बघितला. तरी नाही सांगितलंत.’’

मला ओळखणाऱ्या कुणाला खरं वाटणार नाही, पण मी पुन्हा इस्त्री उचलली आणि खाली मान घालून फिरवायला लागलो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

चारला दहा मिनिटं कमी असताना पडदे पुन्हा चढले. जमिनीला अगदी टेकले. बाईंनी दोन्ही हातांनी कापड सारून बघितलं आणि ‘सुंदर’ म्हणाल्या. मी घसा साफ केला. ‘‘बाई, ते कोपऱ्यातलं दुकान...’’

‘‘ते गेलं, मास्तर. बेकरी येतेय तिथे. मागच्या अंगाला एक आहे. इमारतीच्या आतल्या चौकाकडे काच आहे, दिवसभर उजेड असतो. पण तिकडून कुणी जात नाही. रस्ता दिसत नाही. तुम्हाला नाही करमायचं.’’

बायको सुया मोजून डबीत भरत होती. तिचा हात मध्येच थांबला, तेवढंच मला दिसलं.

‘‘घेतलं,’’ मी म्हणालो. मग जीभ चावली आणि तिच्याकडे वळलो. ‘‘म्हणजे, घ्यायचं का गं?’’

‘‘बघू या आधी,’’ ती म्हणाली.

बाईंनी किल्ली दिली आणि त्या पाहुण्यांकडे गेल्या. आम्ही दोघं खाली आलो. दुकान रिकामं होतं, एक बाजू सबंध काचेची. ती काचेपाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही तळवे उजेडात धरून निरखत राहिली. काचेपलीकडच्या चौकात चिटपाखरू नव्हतं. मी दोनदा वाकून बघितलं.

‘‘इथे माझं मशीन,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही तिकडे बसा. मागच्या भिंतीशी.’’

मी तिकडे जाऊन उभा राहिलो.

‘‘इथे अंधार आहे गं,’’ मी म्हणालो.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘होते सवय.’’